मैदानावरचे मास्तर : मरहूम सय्यद अब्दुल रहीम

परभणीच्या स्टेशनावर ज्याने कधी गाडीची वाट पाहिली आहे, त्याला काचीगुडा हे नाव अपरिचित नाही. पूर्णा, नांदेड, निजामाबाद करीत आपली गाडी ज्या स्टेशनात जाऊन विसावते ते काचीगुडा. आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळी परभणी जिल्हा हैदराबाद संस्थानात होता. वरच्या कोर्टाचे काम असो, मोठ्या दवाखान्यातले औषधपाणी असो की मुलाचे कॉलेज असो, माणसे हाच रस्ता धरीत. त्या काळी याच काचीगुड्याच्या मिडल स्कूलमध्ये एक तरुण शिक्षक मुलांना शिकवीत असे. सकाळी वर्ग आणि संध्याकाळी मैदान असा त्याचा दिनक्रम. पुढे हाच शिक्षक भारताच्या फुटबॉल संघाचा प्रशिक्षक झाला आणि त्याच्या हाताखाली आपल्या देशाने आशियाई क्रीडास्पर्धेत दोनदा सुवर्णपदक मिळविले. त्यांचे नाव सय्यद अब्दुल रहीम. हैदराबादेत त्यांना सारे रहीमसाहेब म्हणत.

एप्रिल २०२४ मध्ये त्यांच्या जीवनावर मैदान नावाचा हिंदी चित्रपट आला, तेव्हापासून आपल्या मुलांना हे नाव ठाऊक झाले. अजय देवगण यांनी त्यात रहीमसाहेबांची भूमिका केली. चित्रपट म्हटला की थोडे मीठमसाला आलेच. परंतु चित्रपट पाहून आलेल्या मुलांशी बोलताना मला एक गोष्ट खटकली. रहीमसाहेब पेशाने शाळामास्तर होते, ही गोष्ट त्यांच्यापैकी फार थोड्यांच्या ध्यानात राहिली होती. मला तर तीच त्यांच्या आयुष्याची किल्ली वाटते.

हा लेख लिहावासा वाटला त्याला आणखी एक कारण आहे. मागे एकदा दहावीतल्या एका मुलाचे वडील मला भेटायला आले. माणूस कष्टाळू, दिवसभर शिलाई मशीनवर बसणारा. मुलाचे नाव शाळेच्या फुटबॉल संघातून काढा, एवढीच त्यांची विनंती होती. चेंडूमागे पळून पोट भरत नाही, हे वर्ष वाया गेले तर पुन्हा यायचे नाही, असे ते कळवळून सांगत होते. त्यांना द्यायला माझ्याजवळ उत्तर नव्हते. मी मुकाट्याने यादीतून त्या मुलाचे नाव खोडले. रहीमसाहेबांचे चरित्र मी पुढे सवडीने वाचले आणि त्या दिवशी त्या वडिलांना काय सांगायला हवे होते ते मला कळले. ते आज सांगतो.

विद्यार्थी आणि शिक्षक

रहीमसाहेबांचा जन्म १७ ऑगस्ट १९०९ रोजी हैदराबादेत झाला. त्यांचे उच्च शिक्षण उस्मानिया विद्यापीठात झाले. १९१८ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठात त्या काळी उर्दू माध्यमातून पदवीपर्यंतचे शिक्षण मिळे आणि संस्थानभरातून, आपल्या मराठवाड्यातूनही, मुले तेथे शिकायला जात. रहीमसाहेब विद्यापीठाच्या फुटबॉल संघातून खेळले आणि नंतर हैदराबादच्या स्थानिक क्लबांकडूनही खेळले. मात्र खेळापायी त्यांनी अभ्यास सोडला नाही. कला शाखेची पदवी घेतली आणि ते शिक्षकी पेशात शिरले.

काचीगुडा मिडल स्कूल, उर्दू शरीफ, दारुल उलूम हायस्कूल आणि चादरघाट हायस्कूल अशा शाळांतून त्यांनी नोकरी केली. नोकरीत स्थिरावल्यावर त्यांनी शारीरिक शिक्षणाची पदविका मिळविली आणि शाळेतील खेळांची जबाबदारी अंगावर घेतली. येथे थोडे थांबून विचार करावा. चांगला खेळाडू असलेल्या माणसाला खेळ शिकवायला वेगळ्या अभ्यासाची काय गरज, असे कोणालाही वाटेल. रहीमसाहेबांना तसे वाटले नाही. आपल्याला खेळता येते याचा अर्थ आपल्याला शिकविता येते असा नव्हे, हे ते जाणून होते. आपण बी.एड. करतो ते याचसाठी.

शहराची पाठशाळा

१९४३ च्या सुमारास ते हैदराबाद फुटबॉल असोसिएशनचे सचिव झाले आणि अखेरपर्यंत ते काम त्यांनी पाहिले. आता त्यांचा वर्ग शाळेच्या भिंतींबाहेर गेला. सारे शहर त्यांची पाठशाळा झाले.

त्या काळी हैदराबादच्या गल्लोगल्ली फुटबॉल खेळला जाई. पायात चेंडू आला की तो दुसऱ्याला म्हणून द्यायचा नाही, तीन-चार जणांना चकवीत एकट्यानेच न्यायचा, ही खेळाची शान समजली जाई. बघ्यांच्या टाळ्याही त्यालाच. रहीमसाहेबांनी ही खोड उपदेशाने मोडली नाही. त्यांनी स्पर्धाच अशा भरविल्या की खोड आपोआप सुटावी. एका प्रकारच्या स्पर्धेत चेंडू घोळवीत नेण्याला बंदी असे. चेंडू आला की तो साथीदाराकडे गेलाच पाहिजे. यात खेळाडूला चेंडू येण्याआधीच मान वर करून पाहावे लागते, आपला कोण कोठे उभा आहे हे टिपावे लागते. पायांच्या आधी डोके चालवावे लागते.

दुसऱ्या प्रकारची स्पर्धा याहून नवलाची. तिच्यात प्रत्येकाने आपल्या कमकुवत पायानेच चेंडू मारायचा. उजव्या पायाने तोफ डागणाऱ्याला डाव्याने खेळावे लागे. आरंभी फजिती होई, बघणारे हसत. पण या फजितीमागे मोठा विचार होता. ज्याला एकाच पायाने खेळता येते त्याला प्रत्येक वेळी अंग वळवून चेंडू त्या पायावर घ्यावा लागतो, त्यात मोलाचा क्षण जातो. शिवाय समोरच्या बचावपटूला तो कोणत्या बाजूला वळणार हे आधीच कळते. दोन्ही पाय तयार झाले की हे दोन्ही तोटे नाहीसे होतात.

विद्यार्थी मित्रहो, या कमकुवत पायाची गोष्ट मनात ठेवा. आपल्यापैकी प्रत्येकाला असा एक पाय असतो. कोणाचा गणितात, कोणाचा इंग्रजीत, कोणाचा चारचौघांत उभे राहून बोलण्यात. तो आपण झाकून ठेवतो आणि बळकट पायावर निभावून नेतो. रहीमसाहेबांनी तो झाकू दिला नाही. सर्वांची फजिती एकदमच व्हावी अशी व्यवस्था केली, म्हणजे मग कोणालाच शरम वाटू नये.

पोलिसांचा संघ

१९५० पासून रहीमसाहेब हैदराबाद सिटी पोलिसांच्या संघाला प्रशिक्षण देऊ लागले. हा कोणा श्रीमंत क्लबाचा संघ नव्हता. खाकी वर्दीतल्या माणसांचा संघ होता. मुंबईच्या कूपरेज मैदानावर भरणारा रोव्हर्स करंडक ही देशातील मानाची स्पर्धा. कलकत्त्याचे नामांकित संघ तेथे येत. त्या स्पर्धेत हैदराबाद पोलिसांनी १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे करंडक आपल्याकडे राखला. दिल्लीचा ड्युरँड करंडकही या संघाने रहीमसाहेबांच्या काळात चार वेळा जिंकला. संतोष करंडक ही राज्याराज्यांमधील राष्ट्रीय स्पर्धा. तीही हैदराबादने १९५६ आणि १९५७ अशी लागोपाठ दोनदा जिंकली. वाचकांना आठवत असेल, १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे विभाजन झाले आणि आपला मराठवाडा मुंबई राज्यात आला. म्हणजे राज्य नकाशावरून गेले, पण मैदानावर त्याचे नाव अजून गाजतच होते.

दिल्लीचे सुवर्ण, हेलसिंकीचा धडा

मार्च १९५१ मध्ये पहिल्या आशियाई क्रीडास्पर्धा नव्या दिल्लीत भरल्या. भारतीय फुटबॉल संघाचे प्रशिक्षक होते रहीमसाहेब. भारताने इंडोनेशियाला ३-० ने व अफगाणिस्तानला ३-० ने हरविले आणि अंतिम सामन्यात इराणवर १-० असा विजय मिळविला. तो एकमेव गोल साहू मेवालाल यांचा. स्वतंत्र होऊन चार वर्षेही न झालेल्या देशाला हे सुवर्णपदक मिळाले तेव्हा केवढा आनंद झाला असेल याची कल्पना करावी.

पण यशाच्या पाठोपाठ परीक्षा आली. पुढच्याच वर्षी, जुलै १९५२ मध्ये, हेलसिंकी येथे ऑलिम्पिक झाले. पहिलाच सामना युगोस्लाव्हियाशी. थंडी कडाक्याची, मैदान ओलसर आणि आपले बरेचसे खेळाडू अनवाणी. निकाल लागला १०-१. आपला एकमेव गोल अहमद खान यांनी केला आणि संघ त्याच दिवशी स्पर्धेबाहेर पडला. वर्षापूर्वी ज्यांचा जयजयकार झाला होता त्यांची अशी गत झाली.

अशा वेळी माणसाची खरी परीक्षा होते. थंडीला, मैदानाला, नशिबाला दोष देता आला असता आणि तो अगदीच खोटाही ठरला नसता. परंतु चांगला शिक्षक नापास पेपर फाडून टाकीत नाही, तो पुढ्यात ठेवून चुका तपासतो. या पराभवानंतर भारतीय खेळाडूंना बूट घालून खेळणे सक्तीचे झाले. रहीमसाहेबांनी संघाची रचनाच बदलायला घेतली. आपल्याकडे जुन्या पद्धतीप्रमाणे मागे दोनच बचावपटू असत आणि पुढे पाच जण. युरोपच्या वेगवान संघांपुढे ही रचना टिकत नव्हती. त्यांनी मागे तिसरा बचावपटू उभा केला. हंगेरीचा संघ त्या काळी आपल्या मधल्या आघाडीवीराला थोडे मागे ठेवून खेळत असे. तो मागे राहिला की त्याच्यावर नेमलेला बचावपटू गोंधळतो. त्याच्यामागे जावे तर पाठीमागे जागा मोकळी पडते, न जावे तर हा मोकळा राहतो. ही युक्तीही रहीमसाहेबांनी आपल्या संघाला शिकविली. जगात नवे काय चालले आहे याची माहिती ठेवायची, ते आपल्या मुलांना पेलेल अशा बेताने द्यायचे, हे तर प्रत्येक शिक्षकाचे कर्तव्यच आहे.

मेलबर्न

चार वर्षांनी, १९५६ मध्ये, मेलबर्नला ऑलिम्पिक झाले. कर्णधार समर बॅनर्जी. हंगेरीच्या संघाने माघार घेतल्यामुळे भारताला पुढची चाल मिळाली आणि उपांत्यपूर्व फेरीत यजमान ऑस्ट्रेलियाशी गाठ पडली. त्यांच्याच मैदानावर, त्यांच्याच प्रेक्षकांसमोर भारताने त्यांना ४-२ असे हरविले. त्यांतील तीन गोल एकट्या नेव्हिल डिसोझा यांनी केले. मूळचे गोमंतकीय असलेले डिसोझा हे आपल्या मुंबईचे खेळाडू. ऑलिम्पिकच्या एका सामन्यात तीन गोल करणारे ते पहिले आशियाई खेळाडू ठरले. आशियाचा कोणताही संघ तोवर ऑलिम्पिकच्या उपांत्य फेरीत पोचला नव्हता. तो मान भारताने मिळविला.

उपांत्य फेरीत समोर उभा राहिला तोच युगोस्लाव्हिया. चार वर्षांपूर्वी दहा गोल घालणारा. या वेळी उत्तरार्धात पहिला गोल भारताने केला आणि काही मिनिटे का होईना, तो बलाढ्य संघ पिछाडीवर होता. शेवटी भारत ४-१ असा हरला आणि कांस्यपदकाच्या सामन्यात बल्गेरियाने ३-० अशी मात केली. भारत चौथा आला. पदक हुकले हे खरे. पण १०-१ पासून ४-१ पर्यंतची वाट मोजली तर ती केवढी लांब होती ते कळेल. गुणपत्रिकेत नुसता क्रमांक न पाहता मागच्या परीक्षेपासून मूल किती पुढे आले ते पाहावे, असे मी पालकांना नेहमी सांगतो. त्याला याहून चांगले उदाहरण मला सापडलेले नाही.

सायकलचे भाडे

रहीमसाहेबांच्या हाताखाली घडलेल्या मुलांत तुलसीदास बलराम यांचे नाव अग्रभागी येते. सिकंदराबादजवळच्या अम्मुगुड्यातला हा गरीब घरचा मुलगा. त्याचा खेळ रहीमसाहेबांच्या नजरेत भरला आणि त्यांनी त्याला सरावाला हैदराबादेत बोलाविले. पण इतक्या लांब रोज यायचे कसे? घरात तेवढे पैसे नव्हते. तेव्हा रहीमसाहेबांनी भाड्याच्या सायकलीसाठी त्याला आपल्या खिशातून पैसे दिले, अशी हकीकत सांगतात. हा मुलगा १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकला गेला. १९६० च्या रोम ऑलिम्पिकमध्ये हंगेरी आणि पेरू या दोन्ही संघांविरुद्ध त्याने गोल केले. १९६२ साली त्याला अर्जुन पुरस्कार मिळाला. फेब्रुवारी २०२३ मध्ये बलराम यांचे निधन झाले.

गुण असतात आणि गाडीभाडे नसते, अशी मुले आपल्या जिल्ह्यात कमी नाहीत. जिंतूरच्या डोंगरपट्ट्यातून, गंगाखेड-पालमच्या खेड्यांतून शाळेत येणारी मुले मी रोज पाहतो. एखाद्या मुलाचे आयुष्य कधी कधी सायकलच्या भाड्याएवढ्या रकमेवर अडलेले असते. शिक्षण संस्था कशासाठी असतात याचे उत्तर या छोट्या गोष्टीत आहे.

रोमच्या ऑलिम्पिकची दुसरीही एक आठवण सांगण्यासारखी आहे. भारताच्या गटात हंगेरी, फ्रान्स आणि पेरू असे मातब्बर संघ होते. हंगेरीशी भारत १-२ असा हरला, फ्रान्सशी १-१ अशी बरोबरी केली, पेरूकडून १-३ अशी हार झाली. त्या वेळच्या भारतीय चमूत रहीमसाहेबांचे चिरंजीव सय्यद शाहिद हकीम हेही होते. प्रशिक्षक खुद्द वडील. तरीही हकीम यांना तेथे एकाही सामन्यात खेळायला मिळाले नाही, ते राखीव खेळाडूच राहिले. आज कोठल्याही निवडीची यादी लागली की आधी आडनावे तपासली जातात. त्या काळात ही गोष्ट आठवावी. हकीम यांनीही पुढे हवाई दलात अधिकारी, आंतरराष्ट्रीय पंच आणि प्रशिक्षक म्हणून स्वतःचे नाव कमावले. ऑगस्ट २०२१ मध्ये त्यांचे निधन झाले.

जकार्ता, ४ सप्टेंबर १९६२

आता त्यांच्या आयुष्यातला सर्वांत मोठा दिवस. १९६२ च्या आशियाई क्रीडास्पर्धा इंडोनेशियाची राजधानी जकार्ता येथे होत्या. यजमानांनी इस्रायल आणि तैवान यांच्या खेळाडूंना येऊ दिले नाही. मग या स्पर्धांना आशियाई स्पर्धा म्हणायचे कसे, असा आक्षेप भारताचे ज्येष्ठ क्रीडा पदाधिकारी जी. डी. सोंधी यांनी घेतला. त्यावरून जकार्तात भारताविरुद्ध संतापाची लाट उसळली. भारतीय वकिलातीवर जमाव चालून गेला. अशा वातावरणात आपल्या मुलांना मैदानावर उतरायचे होते.

स्पर्धेचा आरंभही चांगला झाला नव्हता. पहिल्या सामन्यात दक्षिण कोरियाने भारताला २-० असे हरविले. नंतर थायलंडवर ४-१ व जपानवर २-० असे विजय मिळाले, पण त्यात बचाव फळीचा आधारस्तंभ जर्नेलसिंग याच्या डोक्याला जखम होऊन टाके पडले. डोक्याने चेंडू अडविणे हे बचावपटूचे रोजचे काम. ते आता त्याला जमणार नव्हते. दुसरा प्रशिक्षक असता तर त्याने त्याला बसवून ठेवले असते. रहीमसाहेबांनी त्याला मागून काढून आघाडीला उभे केले. दक्षिण व्हिएतनामविरुद्धची उपांत्य लढत भारताने ३-२ अशी जिंकली. त्यात दोन गोल कर्णधार चुनी गोस्वामी यांचे आणि एक या जखमी जर्नेलसिंगचा.

अंतिम सामन्याला पुन्हा दक्षिण कोरिया, आशिया करंडक लागोपाठ दोनदा जिंकलेला संघ. आदल्या रात्री रहीमसाहेबांनी आपल्या मुलांना जवळ बोलावून त्यांच्याकडे सुवर्णपदकाची भेट मागितली, असे त्यांचे खेळाडू पुढे अनेक वर्षे सांगत. सेनायन स्टेडियमवर सुमारे एक लाख प्रेक्षक होते आणि ते जवळजवळ सगळे भारताच्या विरुद्ध ओरडत होते. त्या गर्दीत भारताच्या बाजूने आवाज देणारे जे मोजके लोक होते त्यांत पाकिस्तानच्या हॉकी संघाचे खेळाडू होते, ही आठवणही आपल्या खेळाडूंनी प्रेमाने जपली.

तापातून नुकताच उठलेला पीटर थंगराज गोलात उभा राहिला. सतराव्या मिनिटाला पी. के. बॅनर्जी यांनी पहिला गोल केला आणि तीनच मिनिटांनी जर्नेलसिंगने दुसरा. कोरियाने शेवटच्या मिनिटांत एक गोल फेडला, पण तोवर उशीर झाला होता. भारत २-१ असा विजयी झाला आणि सुवर्णपदक दुसऱ्यांदा आपल्या देशाकडे आले.

त्या दिवशीच्या अकरा जणांची नावे वाचली तरी मन भरून येते. थंगराज, चंद्रशेखर, त्रिलोकसिंग, अरुण घोष, फ्रँको, प्रशांत सिन्हा, बॅनर्जी, युसूफ खान, जर्नेलसिंग, गोस्वामी, बलराम. हिंदू, मुसलमान, शीख, ख्रिस्ती, बंगाली, पंजाबी, मल्याळी, गोमंतकीय, हैदराबादी. कोण कोणत्या घरातून आला हे चेंडूला ठाऊक नव्हते आणि रहीमसाहेबांनी ते कधी महत्त्वाचे मानले नाही.

अखेर

ज्या माणसाने हा विजय घडविला त्याचे शरीर आतून पोखरले गेले होते. रहीमसाहेबांना फुफ्फुसाचा कर्करोग झाला होता. जकार्ताहून परतल्यावर त्यांची प्रकृती ढासळत गेली आणि ११ जून १९६३ रोजी, वयाच्या अवघ्या त्रेपन्नाव्या वर्षी, ते अल्लाहला प्यारे झाले. सुवर्णपदकाला तेव्हा वर्षही झाले नव्हते.

त्यांच्या शिष्यांना अर्जुन पुरस्कार मिळाले. प्रशिक्षकांसाठीचा द्रोणाचार्य पुरस्कार सुरू झाला तो १९८५ साली, त्यांच्या मृत्यूनंतर बावीस वर्षांनी. जिवंतपणी त्यांच्या वाट्याला मानसन्मान फारसे आले नाहीत. शिक्षकाची मिळकत बहुधा अशीच असते. ती त्याच्या खात्यावर न दिसता मुलांच्या खात्यावर जमा होते.

त्यांच्यानंतर काय झाले? १९७० च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत भारताला कांस्यपदक मिळाले. त्या संघाचा कर्णधार सय्यद नईमुद्दीन हा हैदराबादच्याच मैदानावर वाढलेला. पी. के. बॅनर्जी आणि अरुण घोष हे शिष्य पुढे स्वतः प्रशिक्षक झाले. म्हणजे त्यांची विद्या अगदीच वाया गेली नाही. पण आशियाई सुवर्ण त्यानंतर पुन्हा आले नाही आणि १९६० च्या रोमनंतर भारतीय फुटबॉल संघ ऑलिम्पिकच्या मैदानावर उतरलेला नाही. गल्लीगल्लीतून गुणी मुले वेचणाऱ्या, कमकुवत पायाच्या स्पर्धा भरविणाऱ्या त्या हैदराबादचीही फुटबॉलमधली शान हळूहळू ओसरली.

याचे कारण मला असे वाटते की, रहीमसाहेबांच्या रूपाने एक विद्यालय उभे राहिले होते, पण ते एकाच माणसाच्या देहात होते. माणूस गेला आणि विद्यालयाला टाळे लागले. त्यांच्या पद्धती शाळाशाळांतून पाठ म्हणून शिकविल्या गेल्या असत्या, त्यांच्यासारखे दहा शिक्षक तयार करण्याची व्यवस्था कोणी केली असती, तर चित्र निराळे दिसले असते. चांगला शिक्षक मिळणे हे भाग्य आहे. त्या शिक्षकाचे काम त्याच्यामागे चालू ठेवणे हे संस्थेचे काम आहे. आपल्या संस्थेची स्मरणिका वाचणाऱ्या प्रत्येकाने, मग तो पदाधिकारी असो, शिक्षक असो की पालक, यावर विचार करावा.

त्या वडिलांना

शेवटी त्या शिवणकाम करणाऱ्या वडिलांकडे वळतो. त्यांची चिंता खोटी नव्हती. फुटबॉल खेळून पोट भरेल अशी हमी त्या दिवशी मी देऊ शकत नव्हतो, आजही देऊ शकत नाही. रहीमसाहेब स्वतः पदवीधर होते, शिक्षक होते. पुस्तक फेकून मैदानावर या, असे त्यांचे आयुष्य सांगत नाही. दोन्ही पायांनी खेळा, असे सांगते. एक पाय पुस्तकाचा आणि एक मैदानाचा. ज्याचा जो पाय कमकुवत असेल त्याच्याकडे थोडे अधिक लक्ष द्यावे, एवढेच.

त्या मुलाला संध्याकाळचा एक तास मैदानासाठी ठेवू द्या आणि त्याच्या गणिताचा एक तास मी स्वतः घेतो, असे मी त्या दिवशी म्हणायला हवे होते. मी नाव खोडून मोकळा झालो. सोपे होते म्हणून तसे केले. रहीमसाहेबांनी जखमी जर्नेलसिंगला यादीतून खोडले नाही, त्याच्यासाठी दुसरी जागा शोधली. शिक्षकाचे काम नाव खोडण्याचे नाही, जागा शोधण्याचे आहे, हे मला त्यांच्याकडून उशिरा का होईना शिकायला मिळाले.

यंदा जूनमध्ये शाळा उघडल्यावर आमच्या मैदानावर आम्ही कमकुवत पायाचा एक सामना घेतला. मुलांनी पोट धरधरून हसत तो खेळला. मीही खेळलो. माझा डावा पाय सपशेल नापास झाला. सराव चालू आहे.